पाठमोरा फौजी

गाव मपलं आखाडा बाळापूरच्या अलीकडं, शेतातच घर हाय म्हणा ना, चार एकर रान, त्यात दीड एकर हळद दर साली, अन् एक विहीर, तिचं पुढं सांगतो. नाव बालाजी. आमच्याकडं दर तिसऱ्या घरात एक बालाजी सापडतो, म्हणून गावात मला लांब्या बालाजी म्हणायचे, सातवीतच म्या मास्तरच्या डोक्याच्या वर गेलो होतो. माय म्हणायची, ह्या पोराला विजार शिवली की दोन महिन्यात आखूड होती, ह्याला गोणपाट गुंडाळावं का काय. ताई, तुमी लिहून घेऊन राहिल्या तर एवढं पहिलं लिहा की ह्या सगळ्या गोष्टीत माझी अक्कल कमी अन् हाताची लांबी जास्त.

तर हळद. तुमी रोज खाता पण तिची तकलीफ तुमाला ठाऊक नसंल. जिमिनीतून काढायची, कढईत शिजवायची, उन्हात वाळवायची, अन् मग लोखंडी ड्रममधी भरून फिरवायची, म्हणजे वरचं साल घासून निघतं अन् पिवळीधमक होती. आता मशीन आल्या, तव्हा हातानंच फिरवायचा, एका बाजूच्या दांड्याला मी अन् दुसऱ्या बाजूला थोरला भाऊ, अन् दोघाचा जोर एकदाच लागला तरच ड्रम फिरतो, एकानं आधी ओढलं की अडतो अन् दांडा हनुवटीला बसतो. भाऊ मधीच गप्पा हाणायचा, इकडंतिकडं बघायचा, म्हणून म्या तोंडानं हुं, हुं, हुं असा ठेका धरायचो, त्या ठेक्यावर तो बराबर ओढायचा. ते हुं मला पुढं थायलंडला घेऊन गेलं. खोटं वाटंल तुमाला, पण खरं हाय.

दहावीच्या सुट्टीत हिंगोलीच्या मैदानावर चाचणी होती, फौजेच्या खेळाच्या शाळेत पोरं घ्यायची होती, खाणंपिणं शिक्षण सगळं त्यायच्याकडं, अन् अठरा झाले की फौजेत भरती. म्या गेलो कबड्डीसाठी. तिथं एक साहेब टेप घेऊन फिरून राहिले, मला म्हणले, ए लंबे, हाथ फैला. म्या दोन्ही हात पसरले, त्यायनं इकडून तिकडं मोजलं, परत मोजलं, मग दुसऱ्या साहेबाला बोलावून त्यालाबी मोजायला लावलं. म्या म्हणलं, झालं, काहीतरी खोट निघाली आपल्यात. तर साहेब म्हणले, तैरना आता है? म्या म्हणलं, हां साहब, बहुत.

आता विहिरीचं ऐका. आमच्याकडं पोरगं पाच-सहा वर्षाचं झालं की बाप त्याच्या पाठीला तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा बांधतो, तोंड पक्कं बंद केलेला, अन् देतो विहिरीत फेकून. डबा वर धरतो, लेकरू रडत रडत हातपाय मारतं, दोन उन्हाळे गेले की डबा सुटतो. माझा बाप बी असाच वर काठावर उभा राहून हसायचा. पण विहिरीत सरळ पोहायला जागा कुठं हाय? चार हात मारले की काठाचा दगड, दगडाला हात लावायचा, वळायचं, परत चार हात. आमी सगळे पोरं गोल गोल पोहून मोठे झालो, पोहणं म्हणजे गोलच असतं असं आमाला वाटायचं.

पुण्याला नेलं अन् पोहण्याच्या तलावावर उभं केलं. एवढं निळं पाणी म्या आयुष्यात पाहिलं न्हवतं. शिट्टी झाली, बाकीचे सरळ गेले, म्या चार हात मारले अन् डावीकडं वळलो. बाजूच्या पोराच्या अंगावरून गेलो, त्याच्या बाजूच्याच्या पायाखालून गेलो, परत वळलो. साहेब काठावरून ओरडून राहिले, अरे सीधा! सीधा! मला वाटलं शाबासकी देऊन राहिले, म्या अजून जोर लावला. पाच गोल मारले, जिथं उडी मारली तिथंच येऊन भिंतीला हात लावला अन् विचारलं, हो गया साहब? साहेबानं पोट धरलं. म्हणले, ये लड़का डूबेगा नहीं, पर पहुंचेगा भी नहीं. तरी घेतलं मला. हात लांब होते ना.

मग बोट, शर्यतीची, रोइंग म्हणतात त्या खेळाला. ताई, तुमी जी होडी डोळ्यापुढं आणून राहिल्या तशी ती नसती. ही निस्ती शेंग, चवळीच्या शेंगेवाणी, माणूस बसला की कंबर बसंल एवढीच रुंद, बसायची पाटी खाली चाकावर मागंपुढं सरकती, अन् दोन हातात दोन वल्ही किंवा दोन हातात मिळून एक. पहिल्या दिवशी म्या सात वेळा पाण्यात गेलो. अन् सगळ्यात मोठी गंमत म्हणजे हिच्यात पाठमोरं बसतात. जायचं तिकडं पाठ, तोंड मागं. म्या साहेबाला विचारलं, साहब, उलटा काहून बसवून राहिले, रस्ता कसा दिसंल? ते म्हणले, रास्ता देखना तेरा काम नहीं, खींचना तेरा काम है. बारा वर्षं मग तेच काम केलं.

चौघांच्या बोटीत बसवलं मला. एक मणिपूरचा, एक हरियाणाचा, एक आपला साताऱ्याकडचा, अन् मी. बोटीच्या शेपटाला बसतो त्याच्या ठेक्यावर बाकीचे तीन चालतात, तिथं मला बसवलं, कारण बाकीचे ओढताना दात खायचे अन् म्या हुं, हुं, हुं करायचो. साहेब म्हणले, ये कहां से सीखा? म्या म्हणलं, हल्दी से. त्यायला काही कळलं न्हाई, पण जागा मला दिली. सकाळी साडेपाचला पाण्यात, थंडीत पाण्यावर धुकं, हाताला फोड, फोडावर फोड, मग नुसती जाड कातडी. पहिल्या सुट्टीत गावाला गेलो तर मायनं हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, अन् बापावर खेकसली, फौजेत पाठवतो म्हणून नेलं अन् लेकराला तिथं नांगराला जुंपलं बघा. म्या तिला समजावलं तर म्हणती, पाठमोरं बसून कुठं कोण कुठं पोचतं व्हय रे.

अठरा झाल्यावर शपथ घेतली, नंबर मिळाला, वर्दी मिळाली. पण खरं सांगतो, वर्दी वर्षातून दोनदा अंगावर यायची, अन् बंदूक वर्षातून एकदा हातात. बाकी दिवस चड्डी-बनियन अन् तळं. खाणं म्हणाल तर सहा अंडी, दूध, मटण, केळी, असं की गावाकडं सांगायची लाज वाटायची. देशातल्या स्पर्धेत आमच्या बोटीला सोनं मिळालं, दोनदा मिळालं, मग थायलंडला आशिया खंडाच्या शर्यतीला नेलं. फायनलला सहा बोटी. पाठमोरं बसल्याचा एक फायदा सांगतो तुमाला, जे मागं पडले ते दिसतात अन् जे पुढं गेले ते दिसत न्हाईत, म्हणून हारणारा माणूस बी लई वेळ खुशीत राहतो. दोन हजार मीटरचं अंतर असतं, सहा मिनिटाच्या वर थोडा टाइम लागतो, पण शेवटच्या पाचशे मीटरला छातीत कोणीतरी विस्तव भरल्यावाणी होतं, डोळ्यापुढं अंधारी येती. म्या डोळे ताणून मोजलं, दोन बोटी दिसल्या. म्हणजे आपण चौथे. चौथ्याला कोण विचारतं? म्या हुं सोडून दिलं अन् बोंबललो, खींचो रे! शेवटच्या दहा वल्ह्यात तिसरी बोट बाजूनं हळूहळू सरकत डोळ्यापुढं आली. ती बोट दिसली ना ताई, तसं सुख म्या परत पाहिलं न्हाई. कांस्य मिळालं. हरियाणाचा पठ्ठ्या सहा फूट चार इंच, लेकरावाणी रडला.

गावात मिरवणूक काढली, टॅक्टर, डीजे, गुलाल, सगळं. बाळापूरला चौकात बॅनर लावलं. बॅनरवाल्याला बोट काय ठाऊक, त्यानं केरळातली शंभर माणसाची लांब होडी शोधली अन् तिच्या टोकावर माझं तोंड चिटकवलं, डोक्याला फेटा घातला, हातात भाला दिला. लोक म्हणले, बालाजी एवढे माणसं घेऊन गेला अन् तिसराच आला व्हय?

त्याच साली आत्यानं सोयरीक आणली. पोरगी वारंगा फाट्याची, अर्चना नाव, हिंगोलीला रक्त तपासायच्या लॅबमधी कामाला. तिचा बाप म्हणजे मारोतराव, सगळा फाटा त्यायला फौजी मामा म्हणतो. चोवीस वर्षं फौजेत काढून आलेला माणूस, हायवेला खिचडीचं हाटेल टाकलेलं. आता वारंग्याला खिचडीचे हाटेल पुष्कळ, पण मामाच्या हाटेलाची बातच निराळी. तिथं टरकवाले बी लाइनीत उभे राहतात. कोणी पुढं घुसला की मामा झारा वर करतात, पीछे! अन् नांदेडचा असो का नागपूरचा, गडी गुमान मागं जातो. मिश्या वर, आवाज असा की आल्या-गेल्याच्या कुत्र्यानं बी सावधान व्हावं. गावातले पोरं विचारायचे, मामा, तिकडं वर बर्फात काय झालं होतं? मामा निस्ते म्हणायचे, वर होतो. बस. त्याच्या पुढं कोणाची विचारायची टाप न्हवती.

पोरगी पाहायला गेलो. पोहे आले, चहा आला. अर्चनानं मान खाली वगैरे काही घातली न्हाई, सरळ विचारलं, ते बोटीचं नेमकं काय असतं? म्या सांगून पाहिलं, कळंना, मग बैठकीत सतरंजीवर पाठमोरा बसलो, पाय लांब केले, अन् ओढून दाखवलं, हुं, हुं. आत्यानं डोक्याला हात लावला. पोरगी मात्र हसली, असं हसली की म्या अजून दहा वल्ही जास्त मारली. तेवढ्यात मामा आत आले. मला खाली तसा बसलेला पाहिला अन् उभ्यानंच सुरू केलं. पलटण कोणती? म्या सांगितलं, नावाला अमुक, पण राहतो तळ्यावर. पहारा किती दिला? म्हणलं, न्हाई दिला. बॉर्डरला किती वर्षं? न्हाई गेलो. भरतीला सोळाशे मीटर किती टायमात पळाला? म्हणलं, मामा, मला खेळातून घेतलं, मी पळालोच न्हाई. मग करतो काय तू? म्हणलं, बोट मारतो. मामा माझ्या बापाकडं वळले, म्हणले, पाव्हणं, मला पोरगी फौजीला द्यायची, नावाड्याला न्हाई, चहा घ्या अन् निघा.

लई लागलं मला ते. मेडल खिशात घेऊन गेलो होतो दाखवायला, खिशातच राहिलं. बाप रस्त्यानं म्हणला, दुसऱ्या पोरी का कमी हायेत. पण मला पोरीचं हसणं बी डोळ्यापुढून जाईना अन् मामाचं बोलणं बी कानातून जाईना, कारण आत कुठंतरी मला माहीत होतं, माणूस खोटं बोलून राहिला न्हाई. चार दिवसानं अर्चनाचा फोन. म्हणली, मला नावाडी चालतो, बाबाला न्हाई चालत, बाबा म्हणतात दोन वर्षं पलटणीत काढून ये म्हणावं, मग बोलू. म्या म्हणलं, तू थांबशील? म्हणली, तू पलटणीत गेला की तिथून दोन वर्षं मोजते, तिसरं न्हाई, आधीच सांगून ठेवते.

अन् पाहा, योग कसा असतो. त्या थंडीतच माझी कंबर गेली. वल्ह्यावर जोर लावला अन् खालून वीज चमकल्यावाणी झालं, बोटीतून उचलून काढलं मला. सहा महिने झोपून, मग काठी, मग व्यायाम. डॉक्टर म्हणले, चालशील, पळशील, वजन बी उचलशील, पण शर्यत विसरून जा. तो एक दिवस मी रडलो, लपवत न्हाई. बारा वर्षं ज्याच्यासाठी काढली ते तीन शब्दात संपलं. आमचे साहेब चांगला माणूस, म्हणले, इथंच तळ्यावर राहा, नव्या पोरायला शिकव, पुणं हाय, अंडी हायेत, आराम हाय. म्या एक रात झोपलो न्हाई. सकाळी जाऊन म्हणलं, साहब, मुझे पलटन भेजो. ते म्हणले, पागल है क्या, सब पलटन से इधर आना चाहते हैं. म्हणलं, साहब, वर्दी अंगावर घालून पाहायची हाय एकदा.

पलटण आमची पूल बांधणारी. नदी आली की फौजेला पलीकडं न्यायचं, ते काम. मोठमोठ्या गाड्यांवर लोखंडी होड्या लादलेल्या, त्या पाण्यात टाकायच्या, जोडायच्या, वरून रस्ता करायचा. मी गेलो तर माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान पोरं मला शिकवून राहिले, बूट कसे बांधायचे, पाठीवरचा बोजा कसा भरायचा. जेवणात कोणी ओरडायचं, अरे खिलाड़ी को छह अंडे दो, नहीं तो बेहोश हो जाएगा. म्या हसायचो. काय करता?

पहिला सराव, नदी पार करायचा. एका रबरी होडीत दहा माणसं, गुडघ्यावर बसायचं, हातात लहान वल्हं, अन् धावत जाऊन होडी पाण्यात लोटून आत उडी घ्यायची. हुकूम झाला, धावलो, उडी घेतली, बसलो, वल्हं मारलं. सगळे नऊ जण माझ्याकडं पाहून राहिले. पाहतो तर काय, नऊ जणाची तोंडं पलीकडच्या काठाला अन् माझं एकट्याचं तोंड आपल्या काठाला! बारा वर्षाची सवय, पाणी दिसलं की पाठ फिरवून बसायचं. ते पुढं वल्हवून राहिले, म्या मागं ओढून राहिलो, होडी जागच्या जागी गरगर. मागून सुभेदार साहेब ओरडले, ओ खिलाड़ी, दुश्मन उधर है! सगळी पलटण काठावर लोळली. पुढं महिनाभर जेवायला बसलो तरी कोणीतरी माझे खांदे धरून मला ताटाकडं वळवायचं, दुश्मन इधर है भाई.

पण मग एक झालं. ह्या मोठ्या गाड्या पाण्याच्या काठाला उलट्या न्याव्या लागतात, मागं मागं, चिखलातून, अंधारात, चालवणाऱ्याला मागचं काही दिसत न्हाई, इशारा देणारा लागतो. इशारा देणारे चुकायचे, डावं-उजवं उलटं व्हायचं, गाडी खड्ड्यात. एक दिवस मला उभं केलं. अन् ताई, मला ते असं आलं की जसं काही पोटातून शिकून आलो. माझं आयुष्यच उलटं जाण्यात गेलं ना! पाठीमागं काय हाय, किती अंतर हाय, डावीकडं किती सरकलं, हे मला मान न वळवता कळतं. एकवीस गाड्या लावल्या एका पाठोपाठ, एकीचं बी चाक वाकडं गेलं न्हाई. त्या दिवसापासून अंड्याचं बोलणं बंद झालं. गाडी मागं घ्यायची म्हणलं की डायवर म्हणायचे, बालाजी को बुलाओ, नहीं तो मैं नहीं लेता. मग पहारे दिले, वर थंडीत गेलो, बर्फ पाहिलं, पूल बांधले, तोडले, परत बांधले. हवालदार झालो. कंबर दुखायची, पण झोप चांगली लागायची.

दीड वर्ष झालं असंल. सुभेदार साहेब एकदा शेकोटीला बसले होते, विचारलं, कौन से गांव का है रे तू? म्या म्हणलं, हिंगोली, वारंगा फाटा के पास. साहेब उठून उभेच राहिले. वारंगा? मारोती लांगरी का वारंगा? लांगरी म्हणजे फौजेतला स्वयंपाकी, ताई. म्या म्हणलं, कोण मारोती? तर त्यायनं सांगितलं, मिश्या अशा, आवाज असा, खिचडी अशी. मला शंकाच उरली न्हाई. साहेब म्हणले, मी तेव्हा नवा शिपाई, वर एका चौकीत आम्ही नऊ जण अडकलो, बर्फ असं पडलं की रस्ता गेला, हेलिकॉप्टर येईना, डब्यातलं संपलं. अन् एका दुपारी पाहतो तर खालून एक माणूस चढत येऊन राहिला, पाठीला गरम डब्बा बांधलेला. दिवसाआड यायचा तो, एकटा, दोरी धरून, दहा-बारा दिवस. हुकूम न्हवता त्याला. विचारलं तर म्हणायचा, थंड झाली का बघा, थंड असंल तर परत नेतो. साहेब हसले अन् मग तोंड फिरवून बसले. म्हणले, मिला तो मेरा राम राम बोलना.

शेकोटीला बाजूला बसलेल्या दोस्ताला माझी सोयरीक ठाऊक होती, तो म्हणला, बालाजी, सापडला तुझा सासरा, आता जा अन् चारचौघात विचार, मला नावाडी म्हणतो, तू कोण होता? खरं सांगू, एक मिनिट मला बी गोड वाटलं ते. माणूस हाय मी. पण मग पाठीला डब्बा बांधून चढणारा माणूस डोळ्यापुढं आला अन् मलाच माझी लाज वाटली. अर्चनाचा रोज फोन असायचा, तिला बी बोललो न्हाई. तिनं एकदा बोलता बोलता म्हणलं होतं, बाबा बर्फात लढले म्हणून त्यायला थंडी वाजत न्हाई. तिलाच माहीत न्हवतं.

दोन वर्षं भरायला महिना होता तव्हा सुट्टीवर आलो. घरी न जाता सरळ वारंग्याला उतरलो, वर्दीतच. मामा आत भट्टीवर होते. म्या आत गेलो, पाया पडलो, अन् हळूच म्हणलं, मामा, वर बर्फातल्या चौकीत अडकले होते त्यातले एक आता आमचे सुभेदार साहेब हायेत, त्यायनं राम राम सांगितलाय, म्हणले मारोतीच्या खिचडीसारखी खिचडी परत भेटली न्हाई. मामाचा झारा थांबला. तसेच खाली तांदळाच्या पोत्यावर बसले. म्हणले, कळलं म्हणायचं तुला. म्हणलं, व्हय. गावात सांगितलं? म्हणलं, काहून सांगू? मग ते बोलले. पहिल्या सुट्टीवर आलो होतो मी, तिकडं आमच्या मूळ गावी, चावडीवर लोकानं विचारलं कोणती बंदूक चालवतो, म्या खरं सांगितलं, तर सगळे हसले, भाकरी थापायला एवढ्या लांब कशाला गेला म्हणले, मपला सख्खा भाऊ हसला. त्या दिवसापासून तोंड मिटलं, ते गाव बी सोडलं अन् वारंग्याला घर केलं. पोरगी झाली तव्हा ठरवलं, हिला फौजीच्याच घरात देईन, असा फौजी की कोणी हसू नये. बाप लांगरी अन् नवरा नावाडी, असं माझ्या पोरीला कोणी म्हणू नये रे बालाजी.

एवढा मोठा माणूस पोत्यावर बसून माझ्याकडं वर पाहून राहिला. म्या म्हणलं, मामा, भूक लागली. ते उठले, ताट वाढलं, वरून तेल सोडलं, कांदा ठेवला, अन् मी खाईस्तोवर समोर उभे राहिले. मी म्हणलं, थंड न्हाई, परत न्यायची गरज न्हाई. मग हसले. पुढच्या महिन्यात कुंकू लागलं, लगीन झालं.

चार वर्षं झाली लग्नाला. पोरगी हाय दोन वर्षाची, आईवर गेली, मान खाली घालत न्हाई. आता हळद काढायला म्हणून सुट्टीवर आलोय, म्हणून तुमाला भेटलो. पण परवाच्या सव्वीस जानेवारीचं सांगितलं न्हाई तर गोष्ट अर्धी राहील. वारंग्याच्या शाळेत झेंड्याला मामाला अन् मला बोलावलं, दोघाला नारळ अन् शाल. सरपंच माईकवर बोलून राहिला, सीमेवर शत्रूला पाणी पाजणारे आपले मारोतराव. मामा खुर्चीत अवघडले. मग उठले अन् सरपंचाच्या हातातून माईकच घेतला. म्हणले, मी कोणाला पाणी पाजलं न्हाई. मी लांगरी होतो. चोवीस वर्षं भात शिजवला, भाकऱ्या केल्या, माझ्या हाताखाली एक माणूस उपाशी राहिला न्हाई. हा जावई माझा, हा पाठमोरा बसून होडी मारायचा, आता पूल बांधतो. ह्याला मी नावाडी म्हणलो होतो, ते माझं चुकलं. आमी दोघं बी फौजी हाव. हसायचं त्यानं आत्ता हसून घ्या.

कोणी हसलं न्हाई. बायांच्या बाजूनं एक म्हातारी ओरडली, मग आज जेवायला खिचडी कोण करणार? तव्हा सगळे हसले, मामा बी. पण मी अर्चनाकडं पाहून राहिलो. लेकरू कडेवर, अन् डोळ्यातून धार. कार्यक्रम संपला तशी ती थेट बापाजवळ गेली अन् भांडायलाच लागली, बाबा, एवढी वर्षं मला काहून सांगितलं न्हाई? मी काय लाजले असते तुमाला? मामानं नातीला तिच्या कडेवरून घेतलं, तिचं टोपडं नीट केलं. म्हणले, तू कशाला लाजशील माय, मीच लाजत होतो.

चला, हळद वाट पाहून राहिली, भाऊ आजबी गप्पाच हाणत बसला असंल. तुमचं बरं होवो ताई, लेकराबाळांचं बरं होवो. जाताना वारंग्याला उतरा, मामाला माझं नाव सांगा. पण लाइनीत उभं राहा, तिथं माझं बी काही चालत न्हाई.